फळ्यावरचे गणित विद्यार्थ्यांच्या हाती कसे द्यावे : अभियांत्रिकी महाविद्यालयातील नव्या शिक्षकांसाठी

प्रथम वर्षाला इंजिनीअरिंग मेकॅनिक्स शिकवणाऱ्या बहुतेकांनी हा अनुभव घेतलेला असतो. गुळगुळीत भिंतीला टेकवलेल्या शिडीचे गणित शिक्षक फळ्यावर तीन वेळा, तीन वेगवेगळ्या आकड्यांनी सोडवून दाखवतात, वर्ग ते दोन रंगांच्या पेनांनी वहीत उतरवून घेतो, "समजले का?" असे विचारले की साठ माना हलतात. पंधरा दिवसांनी चाचणीत तीच शिडी येते, फक्त या वेळी भिंत खडबडीत असते, आणि गठ्ठाभर उत्तरपत्रिकांत भिंतीजवळचा घर्षणाचा बाणच नसतो. फ्री बॉडी डायग्राम (पिंड सुटा काढून त्यावरची सर्व बले बाणांनी दाखवणारी आकृती) वहीतून आठवून काढलेला असतो, समोरच्या शिडीकडे पाहून काढलेला नसतो.

विद्यार्थ्यांनी अभ्यास केला नाही, असे म्हणून हा विषय मिटवता येतो. मीही काही वर्षे तसा मिटवला. परंतु त्या तीन तासांत शिडीविषयीचा विचार नेमका कोणी केला, हे तपासले तर उत्तर अवघड जाते. तो शिक्षकाने केला होता. कोणता पिंड सुटा काढायचा, बाण कोणत्या दिशेला दाखवायचा, आघूर्ण (बलाचा फिरवण्याचा परिणाम) कोणत्या बिंदूभोवती घ्यायचे, हे सारे निर्णय फळ्यापाशी झाले आणि वर्गाकडे त्यांची केवळ प्रत पोहोचली. हे निर्णय तासातच विद्यार्थ्यांना कसे घ्यायला लावावेत, तेही साठ-सत्तर जणांच्या वर्गात, विद्यापीठाची परीक्षा डोक्यावर असताना, एवढाच या लेखाचा विषय आहे. उदाहरणे मेकॅनिक्सची आहेत, कारण तो विषय मी शिकवतो. सर्किट, थर्मोडायनॅमिक्स किंवा डेटा स्ट्रक्चर शिकवणाऱ्यांना आपापली उदाहरणे सहज सुचतील.

ही कल्पना नवी नाही आणि तिला पुराव्याचा आधार आहे. विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यास एकत्र तपासणारे एक विश्लेषण अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, तर विद्यार्थ्यांना तासात काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गांत ते २१.८ टक्के आढळले. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या प्रथम वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या, शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात "आधी एकट्याने विचार, मग जोडीने चर्चा, मग सर्वांसमोर मांडणी" ही पद्धत वापरून तिचा अभ्यास झाला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि एवढ्या मोठ्या वर्गातही बहुसंख्य विद्यार्थी कामात गुंतून राहतात, असे त्यात दिसले. तेव्हा "आमचा वर्ग फार मोठा आहे" ही सबब मी स्वतःलाही आता देत नाही.

सत्र सुरू होण्यापूर्वी

पहिले काम तासांचा हिशेब करणे हे आहे. आठवड्याला तीन तास आणि चौदा आठवडे धरले तर कागदावर बेचाळीस तास दिसतात. गणेशोत्सव, दिवाळी, चाचण्या, तांत्रिक महोत्सव आणि प्रवेशप्रक्रिया लांबल्यामुळे प्रथम वर्षाच्या सुरुवातीला जाणारे दिवस वजा केले तर पस्तीसच्या आसपास हाती लागतील, असे मानूनच आखणी करावी. या पस्तीस तासांत पुस्तकातील प्रत्येक ओळ फळ्यावर आणायची असेल, तर प्रश्न विचारायला वेळ उरणार नाही हे उघड आहे. म्हणून काय शिकवायचे याआधी फळ्यावर काय आणायचे नाही, हे ठरवावे लागते. व्याख्या, एकके, बलांच्या प्रकारांची यादी, पुस्तकात सरळ वाचून कळणारी सिद्धता हा भाग आदल्या दिवशी दोन पानांच्या वाचनासाठी द्यावा आणि तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत त्यावर दोन ओळींचे उत्तर लिहून घ्यावे. ही पाच मिनिटे कधीही चुकवू नयेत. एकदा चुकवली की वाचन बंद पडते.

दुसरे काम प्रत्येक युनिटमधील अडखळण्याच्या जागा शोधणे. एका युनिटमध्ये अशा जागा दोन-तीनच असतात आणि त्या सापडण्याचे सर्वांत खात्रीचे ठिकाण म्हणजे मागील वर्षाच्या उत्तरपत्रिका. गुण देऊन झाल्यावर त्या गठ्ठ्यातील वीस उत्तरपत्रिका पुन्हा हाती घ्याव्यात आणि कोणती चूक किती वेळा आली, एवढेच एका कागदावर रेघा ओढून नोंदवावे. घर्षणाच्या युनिटमध्ये बहुधा दोनच चुका डोके वर काढतात : घर्षणाचे मूल्य डोळे झाकून "म्यू एन" (घर्षणांक गुणिले पृष्ठभागाची लंब प्रतिक्रिया) धरणे, आणि घर्षणाची दिशा गतीच्या प्रवृत्तीवरून न ठरवता सवयीने काढणे. समतोलाच्या युनिटमध्ये आधारांच्या प्रतिक्रियांचा घोळ असतो. रोलरला, म्हणजे आडवा सरकू शकणाऱ्या आधाराला, आडवी प्रतिक्रिया देणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. पस्तीसपैकी निम्मे तास या जागांभोवती बांधावेत.

येथे कोर्स आउटकमविषयी दोन शब्द. जून २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा (अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा) कायम सदस्य झाला आणि एनबीएच्या (राष्ट्रीय मानांकन मंडळाच्या) मानांकनासाठी "विद्यार्थ्याला काय करता येईल" या भाषेत उद्दिष्टे लिहिणे प्रत्येक महाविद्यालयाच्या अंगवळणी पडले. बहुतेक ठिकाणी ही उद्दिष्टे फाइलमध्ये राहतात आणि फाइल कपाटात राहते. तरीही तीच वाक्ये बाहेर काढून पाहावीत. "दिलेल्या पिंडाचा फ्री बॉडी डायग्राम काढता येईल" असे आपणच लिहिले असेल, तर विद्यार्थ्याने सत्रभरात तो किती वेळा स्वतः काढला, हे मोजणे फारसे अवघड नाही. माझ्या पहिल्या मोजणीचे उत्तर होते सहा, आणि त्यातले दोन परीक्षेत होते.

चांगला प्रश्न कसा घडवावा

या संपूर्ण पद्धतीचा भार प्रश्नावर आहे. प्रश्न फसला की चर्चा फसते, त्यामुळे तयारीचा सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. एक प्रश्न सविस्तर पाहू.

दहा किलोचा ठोकळा खडबडीत जमिनीवर स्थिर आहे. स्थितिक घर्षणांक ०.४ आहे. ठोकळ्याला आडव्या दिशेने २० न्यूटन बल लावले. ठोकळ्यावरील घर्षण बल किती? अ) शून्य, ब) १९.२४ न्यूटन, क) २० न्यूटन, ड) ३९.२४ न्यूटन.

ठोकळ्याचे वजन ९८.१ न्यूटन, त्यामुळे घर्षणाची कमाल मर्यादा ३९.२४ न्यूटन. लावलेले बल त्याहून कमी आहे, ठोकळा हलत नाही, म्हणजे घर्षण लावलेल्या बलाएवढेच, अर्थात २० न्यूटन. गणित म्हणून यात काहीच नाही. तरी हा प्रश्न प्रथमच विचारला की बहुतेक वर्ग "ड" कडे झुकतो, कारण बारावीपासून "घर्षण म्हणजे म्यू एन" हे सूत्र पाठ झालेले असते आणि ते फक्त घसरण्याच्या बेतात असताना लागू पडते, ही अट सूत्राबरोबर पाठ झालेली नसते. "ब" हा पर्याय सूत्रातून वजाबाकी करणाऱ्यासाठी आहे, तर "अ" हा "हलत नाही म्हणजे घर्षणच नाही" असे मानणाऱ्यासाठी. चारही पर्याय अशा रीतीने कोणाच्या तरी डोक्यात खरोखर असलेल्या विचारातून आलेले असावेत. केवळ जागा भरण्यासाठी टाकलेला पर्याय वर्ग लगेच ओळखतो.

या प्रश्नाची खरी गोडी पुढे आहे. "ड" निवडणाऱ्याला एवढेच विचारावे की उजवीकडे २० आणि डावीकडे ३९.२४ न्यूटन असेल, तर ठोकळा कोणीकडे जाईल? ढकललेला ठोकळा उलट ढकलणाऱ्याच्याच अंगावर येईल, हे वाक्य विद्यार्थ्याच्या तोंडून आले की शिक्षकाला आणखी काही सांगावे लागत नाही. असा अंतर्विरोध ज्या प्रश्नात दडलेला असतो, तो प्रश्न जपून ठेवावा.

दुसरा प्रश्न जुनाच आहे, पण तो मला कधी दगा देत नाही. एका आडव्या दोरीच्या मध्ये ताणकाटा जोडला आहे, दोरीची दोन्ही टोके दोन कप्प्यांवरून खाली सोडली आहेत आणि प्रत्येक टोकाला २०० न्यूटनचे वजन लटकवले आहे. काटा किती दाखवेल? शून्य, २०० की ४००? उत्तर २०० हे सांगण्याऐवजी एक वजन काढून ते टोक भिंतीतल्या हुकाला बांधल्याचे चित्र काढावे आणि काट्याला यातला फरक कळेल का, असे विचारावे.

या दोन प्रश्नांवरून निकष हाती येतात. प्रश्नासाठी कॅल्क्युलेटर लागू नये, किंवा आकडेमोड आधीच करून दिलेली असावी. एका प्रश्नात एकच कल्पना असावी. "जडत्वाचे आघूर्ण म्हणजे काय?" यासारखा स्मरणाचा प्रश्न येथे निरुपयोगी आहे, कारण त्यावर दोघांना वाद घालता येत नाही. क्वचित एकच बरोबर उत्तर नसलेला प्रश्नही द्यावा : ट्रसमधील (दांडे जोडून केलेल्या सांगाड्यातील) या दांड्यात बल शून्य आले, मग तो काढून लोखंड वाचवावे का? भार बदलला तर काय होईल आणि लांब, दाबाखालील दांड्याला मधल्या आधाराची गरज का असते, येथपर्यंत चर्चा आपोआप पोहोचते. एका तासाला असे दोन प्रश्न पुरतात. मी सुरुवातीला पाच नेत असे आणि एकही धड होत नसे.

तासात तो कसा चालवावा

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांनी १९९१ पासून आपल्या वर्गात वापरलेली पद्धत पुढील क्रमाचा पाया आहे. आपल्या बाकांना आणि घंटांना जमेल असे काही बदल मी त्यात केले आहेत.

१. दहा-पंधरा मिनिटे विषय मांडावा आणि प्रश्न फळ्यावर लिहावा. आकृती मोठी काढावी, शेवटच्या बाकावरून दिसते की नाही हे स्वतः मागे जाऊन पाहावे.

२. दीड ते दोन मिनिटे पूर्ण शांतता. प्रत्येकाने उत्तर आणि एका ओळीत कारण वहीत लिहायचे. ही पायरी गाळली तर चर्चेच्या वेळी ज्याला काही म्हणायचेच नाही, असा अर्धा वर्ग शेजाऱ्याचे उत्तर उचलतो.

३. सर्वांनी एकाच वेळी, छातीजवळ हात धरून, पर्यायाच्या क्रमांकाइतकी बोटे दाखवायची. हात वर केला की मागचे पुढच्यांचे पाहून बोटे बदलतात. यासाठी यंत्र घ्यावे लागत नाही. रंगीत कार्डे आणि इलेक्ट्रॉनिक क्लिकर यांची तुलना झाली आहे आणि शिकण्यात फरक आढळलेला नाही. मोबाइलवरील मतदान सोयीचे वाटते, पण मोबाइल एकदा बाहेर आला की तो परत खिशात जात नाही.

४. मोजदाद नजरेने करावी आणि बरोबर उत्तर अजिबात सांगू नये, चेहऱ्यावरही दिसू देऊ नये. तिसांपेक्षा कमी टक्के बरोबर असतील तर मांडणीच कमी पडली असे समजून वेगळ्या उदाहरणाने ती पुन्हा करावी. सत्तरांहून अधिक टक्के बरोबर असतील तर एका वाक्यात कारण सांगून पुढे जावे. मधल्या पट्ट्यात असतील तर पुढची पायरी घ्यावी. प्रश्न चांगला असल्याची तीच खूण आहे.

५. "तुमच्यापेक्षा वेगळे उत्तर असलेला शेजारी शोधा आणि त्याला पटवा." तीन मिनिटे. एक आड एक बाकावरील विद्यार्थ्यांनी मागे वळावे, म्हणजे तिघा-तिघांच्या बाकांतून सहाचे गट होतात. या वेळी शिक्षकाने टेबलापाशी थांबू नये. फिरावे, ऐकावे आणि कोणता युक्तिवाद वर्गासमोर आणायचा ते मनात टिपून ठेवावे.

६. पुन्हा मतदान, मग तीन-चार विद्यार्थ्यांकडून कारणे. सुरुवात चुकीच्या उत्तराच्या बाजूने करावी : "ड म्हणणारे काय विचार करत असतील?" असे विचारले की बोलणाऱ्याला ते उत्तर स्वतःचे आहे, हे कबूल करावे लागत नाही. शेवटी शिक्षकाने दोन मिनिटांत बांधणी करावी.

एका प्रश्नाला दहा ते बारा मिनिटे लागतात. दोघांनाही येत नसेल तर चर्चेतून काय निघणार, ही शंका रास्त आहे. कोलोरॅडो विद्यापीठातील जनुकशास्त्राच्या वर्गात २००९ साली नेमके हेच तपासले गेले, तेव्हा गटातील कोणालाही सुरुवातीला उत्तर माहीत नसतानाही चर्चेनंतर समज वाढल्याचे दिसले. बोलून दाखवताना स्वतःच्या विचारातील भोक स्वतःलाच दिसते, एवढेच त्याचे कारण असावे असे मला वाटते.

काही अडचणी खास आपल्या वर्गांच्या आहेत. मुली एका बाजूला आणि मुले दुसऱ्या बाजूला बसतात. पहिल्या आठवड्यातच हजेरी क्रमांकाने बाके ठरवून दिली तर हा प्रश्न कुरबुरीशिवाय सुटतो, सहाव्या आठवड्यात दिली तर सुटत नाही. पहिल्या बाकावरचे दोघे-तिघे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मोठ्याने देऊन टाकतात. त्यांना दटावण्याऐवजी "कोणाचे उत्तर का चुकते ते शोधा" असे काम द्यावे. शेजारच्या वर्गातील सहकारी गोंगाटाची तक्रार करतात. त्यांना आधी जाऊन सांगावे, आणि हात वर करून वर्ग शांत करण्याची खूण पहिल्याच दिवशी ठरवावी.

भाषेचा प्रश्न याहून मोठा आहे. तालुक्याच्या ठिकाणाहून, मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजीत चाललेल्या चर्चेत गप्प बसतो आणि आपण त्याला विषय येत नाही, असे समजतो. चर्चा ज्याच्या त्याच्या भाषेत होऊ द्यावी. मराठी, हिंदी, जी असेल ती. एआयसीटीईने (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने) २०२१ पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे शिक्षण देण्याची मुभा दिली आहे, तेव्हा शेजाऱ्याशी तीन मिनिटे मराठीत बोलण्यात कसलाच नियमभंग नाही. मात्र जेथे पेपर इंग्रजीत लिहायचा आहे, तेथे चर्चा संपल्यावर कारण इंग्रजीत दोन वाक्यांत लिहून घ्यावे आणि अशी आदर्श वाक्ये फळ्यावरही द्यावीत. विचार एका भाषेत आणि नोंद दुसऱ्या भाषेत ही कसरत विद्यार्थ्याला परीक्षेत करावीच लागणार आहे. तिचा सराव वर्गात व्हावा.

न्यूमेरिकल शिकवताना

वरील सर्व वाचून कोणी फळ्यावर गणित सोडवून दाखवणेच बंद करील तर ते चुकेल. नवशिक्याला थेट कठीण गणित सोडवायला दिले की त्याची सगळी शक्ती चाचपडण्यात जाते. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत, सुरुवातीच्या टप्प्यावर सोडवलेली उदाहरणे अभ्यासणारे विद्यार्थी तेवढ्याच वेळात निव्वळ गणिते सोडवत बसणाऱ्यांपेक्षा चांगले शिकले. म्हणून पहिले गणित शिक्षकाने पूर्ण सोडवावे, परंतु प्रत्येक निर्णयापाशी थांबून "येथे आघूर्ण याच बिंदूभोवती का?" असे विचारत. दुसऱ्या गणितात फ्री बॉडी डायग्राम आणि पहिले समीकरण शिक्षकाचे, उरलेले विद्यार्थ्यांचे. तिसऱ्यात फक्त आकृती द्यावी. चौथे घरी. आधार असा पायरीपायरीने काढून घ्यावा.

शिवाय सत्रात निदान चार वेळा दहा मिनिटांचा एक वेगळा सराव घ्यावा : एका पानावर सहा आकृत्या, आणि काम फक्त फ्री बॉडी डायग्राम काढण्याचे, एकही समीकरण लिहायचे नाही. शिडीच्याच तीन आकृत्या द्याव्यात. एकीत भिंत गुळगुळीत, दुसरीत खडबडीत, तिसरीत खालचे टोक कोणी भिंतीकडे इतक्या जोराने ओढत आहे की शिडी वर सरकण्याच्या बेतात आहे. तिसऱ्या आकृतीत जमिनीवरील घर्षण भिंतीपासून दूर जाते आणि सवयीने काढलेला बाण तेथे उघडा पडतो. उत्तर काढण्याची घाई नसली की विद्यार्थी आकृतीकडे प्रथमच नीट पाहतो.

विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांची काळजी असते आणि ती रास्त आहे. म्हणून तिसरे-चौथे गणित शक्यतो जुन्या पेपरमधूनच उचलावे आणि शेजारी महिना व वर्ष लिहावे. त्या एका ओळीने वर्गाचा विश्वास जेवढा बसतो, तेवढा शिक्षणशास्त्रावरच्या व्याख्यानाने बसत नाही.

प्रॅक्टिकलचे दोन तास

वीसच्या बॅचमध्ये दोन तास सलग मिळतात, तरी सर्वांत कमी विचार तेथेच होतो, कारण राइटअप मागील वर्षाच्या जर्नलमधून आलेला असतो आणि रीडिंगसुद्धा पुष्कळदा तेथूनच येतात. यावर माझा एकच उपाय आहे. उपकरणाला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने अंदाज लिहून त्यावर माझी सही घ्यायची.

उदाहरणार्थ, स्थिर दंडगोलावर दोरी गुंडाळण्याचा घर्षणाचा प्रयोग. एका पूर्ण वेढ्याने काही भार पेलला जातो. दोन वेढे दिले तर किती पट पेलला जाईल? बॅचमधील बहुतेक जण "दुप्पट" लिहितात. घर्षणांक ०.२५ असेल तर एका वेढ्याला ताणांचे गुणोत्तर सुमारे ४.८ येते आणि दोन वेढ्यांना सुमारे २३, कारण हे नाते घातांकी आहे. दुसरा वेढा पहिल्याच्या परिणामाला पुन्हा ४.८ ने गुणतो. स्वतःच्या अक्षरातील "दुप्पट" आणि समोर लटकलेले वजन यांची गाठ पडली की सूत्रातला घातांक लक्षात राहतो. बंदराच्या धक्क्यावर खलाशी खुंटाला दोर दोन-तीन वेढेच का देतात, हेही मग विद्यार्थीच सांगतात. जर्नलमध्ये अंदाज, निरीक्षण आणि दोहोंतील तफावतीचे कारण यांना गुण द्यावेत. चुकलेल्या अंदाजाचे गुण कापू नयेत, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून सर्वांचे अंदाज आश्चर्यकारकरीत्या अचूक येऊ लागतात. व्हायवा सत्राच्या शेवटी एकदम उरकण्यापेक्षा प्रत्येक प्रॅक्टिकलला चार जणांची पाच-पाच मिनिटे घ्यावीत; पाच आठवड्यांत बॅच पूर्ण होते.

विसरण्याची तजवीज

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात पहिली दोन युनिट ३० गुणांच्या इन-सेमला (सत्र चालू असतानाच्या परीक्षेला) आणि उरलेली चार ७० गुणांच्या एंड-सेमला (सत्रअखेरच्या परीक्षेला) अशी विभागणी होती. अशा रचनेत इन-सेम संपली की बलांचे घटक आणि घर्षण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने संपते, आणि पुढे समतोल व गतिकी शिकवताना तेच पुन्हा सांगण्याची पाळी येते. त्यासाठी आठवड्यातून एकदा दहा मिनिटांची, वही बंद ठेवून द्यायची छोटी चाचणी ठेवावी, ज्यात एक प्रश्न चालू आठवड्याचा आणि एक महिनाभरापूर्वीचा असेल. वाचलेले पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठवून लिहिल्याने ते आठवडाभरानंतर अधिक लक्षात राहते, हे रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखवले आहे. उत्तरे अदलाबदल करून वर्गातच तपासावीत. शिक्षकाने फक्त दहा कागद घरी नेऊन चुकांची मोजणी करावी आणि पुढच्या तासाची सुरुवात त्यांतील सर्वाधिक आलेल्या चुकीने करावी.

"सर शिकवतच नाहीत"

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ही तक्रार येणारच आणि ती बहुधा हुशार विद्यार्थ्यांकडून येते. त्यांना ओघवते व्याख्यान ऐकताना सर्व कळल्यासारखे वाटते आणि चर्चेत अडखळताना काहीच कळत नसल्यासारखे. हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सक्रिय तासाला बसलेले विद्यार्थी चाचणीत अधिक शिकलेले निघाले, पण आपण कमी शिकलो असे त्यांनाच वाटत होते. फीडबॅक फॉर्मवर बढतीचे गुण अवलंबून असलेल्या नव्या शिक्षकाने हे आधीच ओळखून असावे.

यावर मला उपयोगी पडलेल्या गोष्टी साध्या आहेत. पहिल्याच तासाला पद्धत आणि तिचे कारण सांगावे. प्रत्येक प्रश्नाच्या दोन्ही मतदानांचे आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहावेत. तीन आठवड्यांनी ते एका तक्त्यात दाखवले की चर्चेनंतर काय बदलले, हे वर्गाला स्वतःच दिसते. चौथ्या आठवड्यात अर्ध्या पानावर, नाव न लिहिता, दोन प्रश्नांची उत्तरे घ्यावीत : कशामुळे शिकायला मदत होते, आणि काय अडते. त्यांतील निदान एक सूचना पुढच्याच आठवड्यात अमलात आणावी आणि तसे सांगावे. विभागप्रमुखांकडे सिलॅबसचा प्रश्न निघेल, तेव्हा सुरुवातीला केलेला पस्तीस तासांचा हिशेब आणि कोणता भाग वाचनाला दिला याची यादी सोबत असावी.

पहिल्याच सत्रात सर्व युनिट अशा रीतीने घेण्याचा हट्ट धरू नये. एक युनिट निवडावे. घर्षण त्यासाठी उत्तम, कारण त्यातील चुका ठरलेल्या आणि प्रश्न लवकर घडणारे आहेत. प्रत्येक तासानंतर, स्टाफरूममध्ये चहा येण्याआधी, डायरीत तीन ओळी लिहाव्यात : कोणता प्रश्न दिला, दोन मतदानांत काय पडले, आणि वर्गातून अनपेक्षित असा कोणता युक्तिवाद आला. ही तिसरी ओळ विशेष जपावी, कारण पुढच्या वर्षीच्या प्रश्नाचा चुकीचा पर्याय बहुधा त्याच ओळीतून मिळतो.